आर्ताची प्रार्थना आणि तिचे उत्तर

दुःखात सापडलेला माणूस देवाकडे वळतो, तेव्हा त्याचा विश्वास मागितलेली वस्तू मिळेल यावर असतो की आपले गाऱ्हाणे ऐकून घेणारा कोणी आहे यावर, हा प्रश्न भक्तिविचारात फार जुना आहे. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘आर्त’ म्हणजे संकटाने पिडलेला आणि ‘अर्थार्थी’ म्हणजे काही लाभाची इच्छा धरणारा. या चौघांत ज्ञानी श्रेष्ठ ठरवला असला, तरी गीता सर्वांनाच उदार म्हणते. म्हणजे गरजेपोटी मारलेली हाक ती हलकी मानत नाही.

नवी मुंबईलगतच्या न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावर ही हाक बहुधा नवसाच्या रूपाने उमटत आली आहे. नवस म्हणजे इच्छा पुरी झाल्यास देवाला काही अर्पण करण्याचे वचन. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मासेमारीचा नवा हंगाम धरणारा कोळी आणि चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेला जाणारा आगरी, या दोघांचा देवाशी असलेला व्यवहार वरवर पाहता देवाणघेवाणीचा वाटतो. तथापि नवस फळला नाही म्हणून कुलदैवत सोडून दिले, असे सहसा घडत नाही. करार मोडला की संबंधही संपायला हवा. येथे तो टिकतो, आणि त्यावरून नवसाच्या मुळाशी कराराहून जुने असे काही नाते असते हे ध्यानात येते.

या नात्याचे सर्वांत स्पष्ट दर्शन तुकोबांच्या चरित्रात होते. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला, व्यापार बुडाला. या आघातांनंतर त्यांनी देहूचे मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर सावरले आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सावकारीची आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. पुढे अभंगांच्या वह्या नदीत सोडाव्या लागल्या, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवाच्या दारी बसून राहिले व वह्या तरल्या, अशी कथा आहे. वह्या परत आल्या, परंतु दुष्काळात गेलेली माणसे परत आली नाहीत. परंपरेने या दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात शेजारी ठेवल्या, त्यांतील एक झाकून दुसरी मिरवली नाही, यातच या परंपरेचा प्रामाणिकपणा आहे. नामदेव आणि जनाबाई विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात. समर्थ रामदासांची करुणाष्टके, म्हणजे करुणा भाकणारी स्तोत्रे, घरोघरी सांजवेळी म्हटली जातात. ज्याच्यावर मुळीच भरवसा नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही; म्हणून येथे तक्रार हाही विश्वासाचाच एक प्रकार ठरतो.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. 1867 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आणि पुढे न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्या विचारांनी घडलेल्या प्रार्थना समाजाने अशी भूमिका घेतली की, प्रार्थनेने ऐहिक फळे मिळत नाहीत, आत्मिक उन्नती मात्र होते. सृष्टी नियमांनी चालते असे मानणाऱ्या विवेकी मनाला ही भूमिका पटण्याजोगी होती. मात्र उपाशी मुलाच्या आईला ती पुरी पडत नाही, कारण तिचे मागणे भाकरीचे असते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे दोन्ही टोकांचे अनुभव एकत्र येतात. तीर्थयात्रा, उपवास आणि दानधर्म यांत सर्वस्व वेचलेले त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण 1870 नंतरच्या दशकात उपासमारीच्या काळात दगावले, आणि तरुण रमाबाईंचा पूर्वापार श्रद्धेवरील विश्वास ढासळला. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1896 नंतरच्या दुष्काळांत शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. तेथे प्रार्थना रोजची होती, त्याचबरोबर विहिरी खणल्या जात होत्या, शेती होत होती, छापखाना चालत होता. 1921 मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम थांबले नाही आणि 1922 मधील मृत्यूपूर्वी ते त्यांनी पूर्णत्वाला नेले. त्यांच्या दृष्टीने ईश्वरावर भरवसा ठेवणे म्हणजे हात जोडून वाट पाहणे नव्हते. आपल्या हातून होणारे काम हाही त्या उत्तराचा भाग होता.

हाच निकष न्हावा-शेव्याला लावून पाहता येतो. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी येथील शेती व मिठागरे संपादित झाली, शेव्याच्या कोळ्यांना मूळ गाव सोडावे लागले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात 16 व 17 जानेवारी 1984 रोजी गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. 26 मे 1989 रोजी येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे उद्घाटन झाले. भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले, तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी प्रकल्पग्रस्तांना पुढेही दीर्घकाळ झगडावे लागले. या समाजाने मोर्चे काढले म्हणून एकवीरेची यात्रा सोडली नाही, आणि यात्रेला गेला म्हणून मोर्चा टाळला नाही. अन्याय माणसांनी केला असेल तर त्याचा जाब माणसांनाच विचारावा लागतो. तो देवाच्या इच्छेवर ढकलणे ही श्रद्धा नसून अन्याय करणाऱ्याची सोय असते.

म्हणून दुःखितापुढे ‘देव नक्की देईल’ अशी हमी घेऊन उभे राहणारा उपदेशक, तसेच ‘तुझी श्रद्धाच कमी पडली’ असे सुनावणारा उपदेशक, हे दोघेही या परंपरेपासून सारखेच दूर जातात. तुकोबांनी आणि रमाबाईंनी असा हिशेब मांडला नाही. मागणे मोकळेपणाने मागावे, मिळाले नाही तर तसे देवालाच सुनवावे आणि आपल्या वाटणीचे काम हातावेगळे करीत राहावे, एवढाच भरवसा त्यांच्या चरित्रांतून शिकता येतो. आणि ज्याचे मागणे पुरे झाले नाही अशा माणसालाही तो बाळगता येतो, हेच त्याचे मोल आहे.