धूमकेतूची वाट आणि वाटाडे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



अंतराळयान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अग्निबाण उभा राहतो. पण जेथे पोहोचायचे ते ठिकाण नेमके कोठे आहे, हा प्रश्न अग्निबाणाने सुटत नाही. १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूकडे निघालेल्यांपुढे हाच पेच होता. त्याचे केंद्रक अवघे पंधरा किलोमीटर लांबीचे, आणि तेही धूळ व वायू यांच्या आवरणात दडलेले. शिवाय सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होऊन तिचे फवारे उसळतात, त्यांच्या रेट्याने धूमकेतू गुरुत्वाकर्षणाच्या गणिताने ठरलेल्या वाटेवरून किंचित ढळतो. पृथ्वीवरील दुर्बिणींच्या भरवशावर केंद्रकाचे स्थान सांगायचे तर शेकडो किलोमीटरांची चूक गृहीत धरावी लागे. आणि पश्चिम युरोपच्या ‘जोत्तो’ यानाला तर सुमारे साडेपाचशे किलोमीटरांवरून जायचे होते!

वाट दाखविली ती सोव्हिएत यानांनी. ‘वेगा-१’ ६ मार्चला आणि ‘वेगा-२’ ९ मार्चला आठ-नऊ हजार किलोमीटरांवरून गेले. त्यांच्या कॅमेऱ्यांनी केंद्रक टिपले. परंतु कॅमेरा केवळ दिशा सांगतो. यान स्वतः कोठे आहे हे अचूक कळल्यावाचून त्या दिशेला अर्थ नाही. ते काम अमेरिकेच्या, परस्परांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या रेडिओ-दुर्बिणींनी केले. अनिश्चितता सुमारे चाळीस किलोमीटरांवर आली. १३-१४ मार्चच्या रात्री ‘जोत्तो’ सेकंदाला ६८ किलोमीटर या सापेक्ष वेगाने केंद्रकापासून ५९६ किलोमीटरांवरून गेले.

हे घडले तो काळ आठवा. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या. क्रेमलिनची आरती ओवाळण्याचे मला काहीच कारण नाही. उभय महासत्तांमधील अंतराळ-सहकार्याचा करार अमेरिकेने १९८२ मध्ये संपू दिला होता. तरीही युरोप, रशिया, जपान व अमेरिका यांच्या अंतराळ संस्थांनी १९८१ पासून उभारलेली सल्लामसलतीची व्यवस्था टिकली. हे औदार्य नव्हते. एकट्याने साधत नव्हते, म्हणून टिकली.

१९६७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने खगोलीय पिंडांवर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. अमेरिकेने मात्र २०१५ मध्ये कायदा करून लघुग्रहांवरून काढलेली खनिजसंपत्ती आपल्या नागरिकांच्या मालकीची ठरविली. यान नेण्याची विद्या जगाने मिळून कमवायची आणि खाण तेवढी खाजगी, हा कोणता न्याय? असा उपसा म्हणजे मालकी सांगणे नव्हे, असे मानणाऱ्या आर्टेमिस करारनाम्यावर भारतानेही जून २०२३ मध्ये सही केली आहे. ती कोणत्या अटींवर केली, हा प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी संसदेत विचारावा, असा ठराव या वर्गाने आज करावा, अशी माझी सूचना आहे.