पाटलाची काठी आणि लोकप्रतिनिधीची खुर्ची
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



सरकारी लाभाचे पद धारण करणाऱ्यास संसदेचे सभासद होता येत नाही, अशी तरतूद राज्यघटनेच्या १०२ व्या कलमात आहे. या बंदीतून कोणती पदे वगळावयाची, याची यादी १९५९ च्या अनर्हता-प्रतिबंधक कायद्यात दिलेली आहे. लंबरदार, मालगुजार, पटेल, देशमुख अशा नावांनी जमीनमहसूल वसूल करून त्यावर कमिशन घेणारे गावकामगार त्या यादीत आहेत. मात्र अट अशी की, त्यांच्याकडे पोलिसी कामे असता कामा नयेत! लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमातही हीच अट आढळते. निवडणुकीत उमेदवाराने महसूल अधिकाऱ्याचे साहाय्य घेणे निषिद्ध आहे. त्यातून हा वसुली पाटील सुटतो, पोलिसी अधिकार असलेला सुटत नाही.

ही अट कोठून आली, हे जुन्या मुंबई इलाख्यातील शेतकऱ्यास सांगावे लागणार नाही. मुलकी आणि पोलीस ही पाटीलकीची दोन अंगे अनेकदा एकाच वाड्यात नांदत. सारा मागणारा आणि चावडीवर डांबणारा एकच असला, म्हणजे दाद मागावी कोणाकडे? १८६७ च्या कायद्याने गावपोलिसाचे अधिकार बांधून दिले, १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरा पक्की केली. या व्यवस्थेत सर्वांच्या खाली राबणाऱ्या महार वतनदारांसाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते.

महाराष्ट्रात मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. गावातील गुन्हे व एकंदर परिस्थिती वर कळविणे हे त्याचे काम. वारसा गेला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्याच कायद्याचे आठवे कलम पाहावे. कर्तव्यास बाध येणार नाही अशा रीतीने पोलीस पाटलास जमीन कसता येते, गावात धंदा वा व्यापार करता येतो. बाहेरगावी पूर्णवेळ व्यवसाय तेवढा करता येत नाही.

तुटपुंज्या मानधनावर कोणाचे घर चालत नाही, हे खरे. २०२४ साली ते दरमहा १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. तोवर ते ६,५०० होते. अल्पभूधारक पोलीस पाटलास शेती सोडावयास सांगणे अन्यायाचेच ठरेल. पण कलमाला अल्पभूधारक आणि बडा बागायतदार यांतील भेद दिसत नाही.

१९५९ च्या यादीत होमगार्डचा सभासदही आहे, मुंबईचा शेरीफही आहे. त्यांच्या पदामुळे कोणाची मजुरी अडत नाही. त्यांना दिलेली सूट समजण्याजोगी आहे. पाटलाची गोष्ट निराळी. सुगीच्या दिवसांत मजूर मजुरीवाढीसाठी कामावर जात नाहीत, तेव्हा गावात ‘तंग वातावरण’ असल्याची खबर तहसीलदाराकडे व ठाण्यावर जाते. ती खबर लिहिणाऱ्याच्याच शेतात पीक उभे आहे काय, हे आठवे कलम विचारीत नाही.