‘ए-वन’च्या मागची नोंदवही



‘चहा ए-वन झालाय’, ‘गाडी ए-वन स्थितीत आहे’ असे आपण पणजीत म्हणतो, बेळगावात म्हणतो, इंदूर-बडोद्यातही म्हणतो. हा शब्द इंग्रजीतून आला हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो इंग्रजीत आला जहाजांच्या एका नोंदवहीतून. त्या नोंदवहीकडे आज भाषेचा अभ्यासक म्हणून पाहायचे आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड यांचे कॉफीगृह होते. जहाजमालक, कप्तान आणि विमा उतरवणारे व्यापारी तिथे जमत. स्वतः न पाहिलेल्या जहाजाची जोखीम किती धरायची, हा विमेवाल्यांचा रोजचा प्रश्न. त्यासाठी १७६० मध्ये एक मंडळी स्थापन झाली आणि जहाजांची यादी छापू लागली. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १७६४ची आहे. प्रत्येक जहाजाला जेमतेम एक ओळ: नाव, कप्तान, वजन, बांधणीचे ठिकाण व वर्ष, मालक आणि दर्जा. धडाच्या स्थितीसाठी ए, ई, आय, ओ, यू हे इंग्रजी स्वर वापरत. डोलकाठ्या, नांगर, दोरखंड या सामानासाठी चांगले, मध्यम, वाईट अशी आद्याक्षरे. पुढे १७७५च्या सुमारास सामानासाठी आकडे आले. धड ‘ए’ आणि सामान ‘वन’, म्हणजे उत्तम जहाज.

इथवर सारे सरळ होते. वाद पेटला तो शतकाच्या शेवटी. दर्जा ठरवताना जहाजाचे वय आणि बांधणीचे ठिकाण यांनाच निर्णायक महत्त्व देण्यात आले. थेम्स नदीवर बांधलेले जहाज अधिक वर्षे पहिल्या वर्गात राही. इतर बंदरांतले लवकर खाली उतरे, मग त्याची कितीही निगा राखलेली असो. जहाजमालक संतापले. त्यांनी १७९९ मध्ये स्वतःची वेगळी नोंदवही काढली. विमेवाल्यांची हिरवी आणि मालकांची लाल, अशा दोन वह्या तीसहून अधिक वर्षे समोरासमोर चालल्या. दोन्ही पक्ष तोट्यात गेले. अखेर १८३४ मध्ये दोन्ही एकत्र येऊन नवी संस्था उभी राहिली आणि तिने ६३ सर्वेक्षक नेमले.

नव्या नियमांचे मर्म एवढेच, की दर्जा द्यायचा तर जहाज पाहा. सर्वेक्षक छापील फॉर्म घेऊन गोदीत उतरे. तळाचा कणा, फासळ्या, तुळया, फळ्या यांना प्रत्येकी कोणते लाकूड वापरले. खिळे तांब्याचे की लोखंडाचे. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून रक्षण करणारा पत्रा तळाला केव्हा ठोकला, हे सारे तो लिही. लाकडावरून पहिल्या वर्गाची वर्षे ठरत आणि ‘ए-वन’च्या पुढे तो आकडा छापला जाई. मुदत संपली की पुन्हा पाहणी. लाकडांच्या तक्त्यात आपल्याकडचे सागवान इंग्लिश ओकच्या बरोबरीने वरच्या रांगेत होते. सागवानाची साक्ष आजही पाहता येते: मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती तरंगते आहे. ती युद्धनौका, म्हणून या वहीत तिची ओळ नाही. लाकूड मात्र तेच.

तरीही या वहीला भाबडेपणाने न्यायाची वही म्हणता येणार नाही. खालच्या वर्गांची व्याख्या वाचा. पाणी लागून बिघडणारा माल या जहाजातून न्यावा की न नेऊ नये, न्यावा तर जवळच्या सफरीवर की दूरच्या, असा तिचा रोख आहे. चिंता मालाची आहे. कप्तानाचे नाव ओळीत येते, खलाशांचे येत नाही. अतिभार लादलेल्या, कुजक्या जहाजांवर माणसे बुडत होती. सॅम्युएल प्लिमसोल यांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहून त्यावर रान उठवले, तेव्हा कुठे १८७६च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा आखणे सक्तीचे झाले.

ओळीत न मावलेले कधी कधी साहित्यात सापडते. ‘पॅलेस्टाइन’ हे जहाज १८५७ मध्ये संडरलंडला बांधले गेले. जोसेफ कॉनराड यांचा जन्मही १८५७चा. ते या जहाजावर अधिकारी होते. बँकॉककडे कोळसा नेताना १८८३ मध्ये सुमात्राजवळ ते पेटले आणि बुडाले. ‘यूथ’ या कथेत तेच जहाज ‘जुडिया’ होऊन येते. वय, वजन, बंदर हे वहीतून कळते. गळक्या जहाजात रात्रंदिवस पंप मारणाऱ्या माणसांचे हात कथेतून कळतात. अभ्यासकाला दोन्ही हवे असतात.

आता आपल्याकडे वळतो. महाराष्ट्राबाहेर मराठी लिहिणाऱ्यांना थेम्सचा तो वाद परका वाटू नये. बेळगावकडचा विद्यार्थी ‘तो जेवाय लागलाय’ असे लिहितो आणि आपली लाल रेघ लगेच उठते. ती रेघ वाक्य तपासून उठते, की बांधणीचे ठिकाण पाहून? प्रमाणभाषा नको, असे मी म्हणत नाही. सर्वेक्षक आल्यावर जहाजांचे दर्जे रद्द झाले नाहीत. उलट नियम अधिक काटेकोर झाले. निबंधात चालणार नाही ते वाक्य कथेतल्या संवादात भक्कम उभे राहू शकते. तेव्हा ‘अशुद्ध’ एवढाच शेरा पुरेसा नाही. काय पाहिले, कोणत्या कामासाठी अयोग्य ठरवले, हे समासात लिहायला हवे. शंभर पेपर तपासताना ते जड जाते, हे मलाही ठाऊक आहे. पण फासळी न् फासळी पाहून मगच सही करणारी माणसे त्या गोद्यांत होती, आणि त्यांच्यासमोर तर नुसते लाकूड होते.