हाडातली पोकळी, सुईची वाट

खेळताना पडलेल्या पोराचा दंड मोडतो आणि एक्स-रेत खांद्याजवळ हाडाच्या आत द्रवानं भरलेली पोकळी दिसते. कधी भिंतीचा तुटका कपचा त्या द्रवात गळून पडलेल्या पानासारखा तळाशी बसलेला असतो. ‘गाठ’ म्हटलं की घरच्यांना आधी कॅन्सरच आठवतो. ही साधी पोकळी मात्र कॅन्सर नसते. पूर्वी हाड उघडून ती खरवडत, हाडाचे तुकडे भरत. तरी ती अनेकदा परत येई. म्हणून इटलीच्या स्काग्लिएत्ती यांनी सुईनं आत स्टिरॉइड सोडण्याची पद्धत रूढ केली.

सुईनं काय होणार, ही शंका रास्तच आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत स्टिरॉइडनं ४२ टक्के मुलांची पोकळी भरली, अस्थिमज्जा टोचून २३ टक्के. म्हणजे सुई काही जादू नव्हे, पुन्हा टोचावी लागते. आता काही ठिकाणी बारीक छिद्रातूनच आतलं अस्तर खरवडतात, हाडातल्या मज्जानलिकेची वाट मोकळी करतात आणि कॅल्शियमचे दाणे भरतात. ‘मोडलं की आपोआप भरतं’ असंही म्हणतात. हाड जुळतं खरं, पोकळी मात्र थोड्यांचीच भरते. दंडातली लहान पोकळी नुसती पाहत राहता येते, खुब्याजवळची मोठी तशी सोडणं धोक्याचं. फेरतपासणीसाठी, समजा तळेगाव (श्यामजी पंत)हून आर्वीमार्गे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जाताना जुना एक्स-रे सोबत न्यावा. पोकळी वाढते की आटते, हे दोन चित्रं शेजारी ठेवल्यावरच कळतं.