गिअरचे तेल आणि पावसाचे पाणी



दादर-परळच्या हिंदमाता भागात जोराचा पाऊस झाला की पाणी तुंबते, हे आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तर मुंबईतल्या असंख्य मोटारी पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर मालक काय पाहतो? इंजिन सुरू होते का, एवढेच. ते सुरू झाले की तो सुटकेचा श्वास टाकतो. पण गाडीच्या पोटात तेलाने भरलेली आणखी एक पेटी असते. ती म्हणजे गिअरबॉक्स. तिची आठवण कुणालाच होत नाही.

गिअरबॉक्समध्ये दातेरी चाके तेलात फिरत असतात. दातावर दात घासू नये म्हणून मधे तेलाचा पातळ पापुद्रा लागतो. चाके फिरली की तेल तापते, आतली हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून पेटीला वर एक बारीक श्वासनळी ठेवलेली असते. आता पाहा, तापलेली गाडी एकदम गार पाण्यात शिरली, तर आतली हवा आकसते आणि त्याच नळीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शिक्षकबंधूंना हे वर्गात सहज दाखवता येईल. एक बाटली ऊन पाण्याने विसळावी आणि गार पाण्याच्या ताटलीत उपडी धरावी. पाणी आपोआप बाटलीत वर चढू लागेल.

पाणी मिसळलेले तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसते. त्याचा पापुद्रा टिकत नाही, बेअरिंगांना गंज चढतो. गाडी मात्र चालत राहते! या तेलासाठी समोर कुठला दिवा लागत नाही. खडखड ऐकू येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मग हे तेल घरी बदलता येईल का? येईल. लालबाग-गिरगावच्या चाळींत गॅरेज नसते, पण सपाट आणि रहदारी नसलेली जागा मिळाली म्हणजे पुरे. प्रथम गाडी दहा मिनिटे चालवून तेल कोमट करावे. ते पातळ होऊन मळीसकट बाहेर येते. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चारही बाजूंना भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात आणि गाडी सपाट ठेवावी. कललेल्या गाडीत तेलाची पातळी चुकते. स्पोर्ट्स मोटार जमिनीला फार लगटून असते. तिच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी.

आता सर्वांत मोठा नियम. तेल भरायचा वरचा नट आधी उघडावा, खालचा नंतर. खालून तेल सोडून दिले आणि वरचा गंजलेला नट हलेनाच, तर गाडी जागच्या जागी अडकली म्हणून समजा. काढलेले तेल नीट न्याहाळावे. नटाच्या चुंबकावर काळी, बारीक मळी असली तर ती नेहमीची झीज. धातूचे तुकडे दिसले तर मात्र जाणत्या मिस्त्रीला गाठावे. तेल दुधाळ निघाले तर नवे भरून थोडे चालवावे आणि तेही काढून पुन्हा भरावे. बहुतेक गाड्यांत वरच्या भोकातून तेल ओघळू लागले की पातळी बरोबर झाली.

गाडीगाडीत फरक असतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तिचा गिअरबॉक्स पुढे आणि डिफरन्शियल मागच्या आसावर, म्हणजे तेलाच्या पेट्या दोन. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मांडलेली आपल्याकडची स्पोर्ट्स मोटार अवंती हिचे इंजिन बैठकीच्या मागे, आणि गिअर व डिफरन्शियल एकाच पेटीत. म्हणून गाडीची पुस्तिका वाचल्याशिवाय पाना हाती घेऊ नये. तेलाच्या डब्यावर जीएल-४, जीएल-५ असे लिहिलेले असते. पाच हा आकडा मोठा म्हणून ते तेल चांगले, असे मुळीच नाही. जीएल-५ प्रकारच्या काही तेलांतली गंधकयुक्त द्रव्ये गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना बाधतात. पुस्तिका सांगेल तेच तेल घ्यावे.

खेड्यातल्या श्रोत्यांना वाटेल, स्पोर्ट्स मोटारीशी आमचा काय संबंध? पण भातखाचरात चिखलणी करणारा ट्रॅक्टर, ओढा ओलांडणारी जीप, यांचीही हीच गत होते. ट्रॅक्टरमध्ये तर पुष्कळदा गिअर आणि अवजार उचलणारी यंत्रणा एकाच तेलावर चालते. तिथे मोटारीचे तेल ओतून चालणार नाही. पावसाळा सरला की एकदा नट उघडून तेलाचा रंग पाहावा.

शेवटी जुन्या तेलाविषयी. ते गटारात ओतले तर मुंबईत समुद्रात जाते आणि गावात विहिरीत उतरते. डब्यात बंद करून, जुने तेल गोळा करून परवानाधारक शुद्धीकरण कारखान्याला देणाऱ्या गॅरेजात पोचवावे. एका लिटरभर तेलाच्या खर्चाने हजारो रुपयांचा गिअरबॉक्स वाचतो. मात्र त्यासाठी शेजाऱ्याची विहीर नासता कामा नये.