दिवसपाळीचं ध्येय



भिवंडी हे गाव यंत्रमागाचं. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात, मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. स्किझोफ्रेनियातून सावरणारा कारागीर परत आला की घरच्यांची एकच आस असते, तो पहिल्यासारखा मागावर उभा राहावा. पण रात्रपाळीच्या जागरणाने आजार उलटू शकतो. औषधांनी हात मंदावला की मजुरी घटते. मग तो घरी बसतो आणि याच्याच्याने आता काही होणार नाही, असं सगळे धरून चालतात. मला वाटतं, चुकलेलं असतं ते ध्येय. त्याला कोणी विचारलेलंच नसतं. विचारलं तर तो म्हणेल, दिवसा चार तास कांडी भरायचं काम द्या, मुलीच्या वह्या मला माझ्या पैशाने घ्यायच्यात. हे ध्येय छोटं आहे, मोजता येतं आणि ते त्याचं स्वतःचं आहे. जमलं तर तास वाढवू. नाही जमलं तर ध्येय बदलू; माणसाला नापास करायचं कारण नाही.

माणसाला नापास करायची रीत मात्र जुनी आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. पुष्कळ कुटुंबांनी तिथे आपलं माणूस ठेवलं आणि पुन्हा न्यायला गेलीच नाहीत. त्याच ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. तिच्या 'त्रिदल' केंद्राने शुभार्थींच्या, म्हणजे मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या, पुनर्वसनाची वाट दाखवली. समाजात राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला. कारखान्यातली जागा मात्र कायदा देणार नाही, ती आम्ही मालकांनीच द्यायची आहे.

भिवंडीची एक वेगळी अडचणही ऐका. आमचे कितीतरी कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातले. बायकामुलं गावी, म्हणून खोलीतले सोबतीच त्यांचे शुभंकर, म्हणजे सांभाळ करणारे. ध्येयाची बोलणी भोजपुरीत, उर्दूत, तेलुगूत व्हायला हवीत, सोबत्यांना बसवून. आणि मुलखाला जाताना पुरेशी औषधं बरोबर असणं, हेही त्या ध्येयात लिहिलेलं हवं.

माझ्या कारखान्यात दिवसपाळीला, कमी तासांचं काम मी देईन. इतर मालकांनाही गळ घालीन. त्या माणसाशी बसून त्याचं ध्येय कसं ठरवायचं, ते मात्र या परिषदेला आलेल्या तुम्ही मनोविकारतज्ज्ञांनी आणि समाजसेवकांनी आम्हाला शिकवून जावं.