औषध तिचं, माहितीही तिलाच

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या आजाराबद्दल मी बोलणार आहे, त्याचं नाव आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलं नसेल. पल्मनरी आर्टिरियल हायपरटेन्शन, थोडक्यात पी.ए.एच. मी डॉक्टर नाही, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. त्यामुळे निदान झाल्यानंतर बाईचं पुढे काय होतं, ते मला जवळून दिसतं.

आधी आजार समजून घेऊ. हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद होत जातात. त्यांच्यातून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि ती थकत जाते. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब हा नव्हे. तो अगदी ठीक असू शकतो. इको तपासणीत शंका येते आणि हृदयात नळी घालून दाब मोजला की निदान पक्कं होतं. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो. कुणाला जन्मतः हृदयाला छिद्र असतं, कुणाला स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस असतो, तर कुणाच्या बाबतीत कारणच सापडत नाही. जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, चक्कर येते. आणि बाईने हे सांगितलं की घरचे म्हणतात, ‘रक्त कमी असेल’, ‘फार विचार करतेस’. यात महिने नाही, वर्षं जातात.

पण आज मला बोलायचंय ते निदानानंतरच्या एका जागेविषयी. ती जागा म्हणजे औषधाचं दुकान. हा आजार सहसा मुळापासून बरा होत नाही. औषधं रोज, बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. डॉक्टरची भेट काही महिन्यांनी होते, औषधाच्या दुकानाची पायरी मात्र दर महिन्याला चढावी लागते. म्हणून माझं म्हणणं असं, की फार्मासिस्ट हा नुसता दुकानदार नाही, तो उपचाराचा भाग आहे. आणि त्याने द्यायची माहिती ज्या बाईचं शरीर आहे तिलाच मिळाली पाहिजे.

पहिलं औषध सिल्डेनाफिल. १९९८ साली हे अमेरिकेत ‘व्हायग्रा’ या नावाने, पुरुषांच्या लैंगिक तक्रारीवर विक्रीला आलं. २००५ साली तिथेच पी.ए.एच.साठीही त्याला मान्यता मिळाली. आता कल्पना करा, पंचविशीतली मुलगी ही चिठ्ठी घेऊन भरल्या दुकानात उभी आहे. काउंटरवरचा पोऱ्या नाव मोठ्याने वाचतो, दुसऱ्याकडे बघून हसतो, ‘कोणासाठी पाहिजे?’ म्हणून विचारतो. मला भेटलेल्या बायकांपैकी काहींनी याच कारणाने स्वतः दुकानात जाणं सोडलं. ज्याला औषधाचं ज्ञान आहे तो हसणार नाही. शिवाय तो मात्राही तपासेल. पी.ए.एच.साठी साधारणपणे २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात. दुकानात अनेकदा ५० किंवा १०० ची गोळी असते. ‘औषध तेच आहे, घेऊन जा’ हे चालणार नाही. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र झालं, तर रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो. हे प्रत्येक वेळी विचारायला हवं.

दुसरा गट बोसेन्टान, अँब्रिसेन्टान, मॅसिटेन्टान यांचा. या औषधांनी गर्भाला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे सुरू करण्यापूर्वी आणि चालू असताना गरोदरपणाची तपासणी आणि खात्रीचं गर्भनिरोधन लागतं. बोसेन्टानमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणजे नुसत्या त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. यकृताची तपासणीही दर महिन्याला करावी लागते. मुळात या आजारात गरोदरपणच जिवावर बेतू शकतं. आता बघा, औषध आणायला कोण जातं? बहुतेक वेळा नवरा किंवा दीर. फार्मासिस्टने इशारा दिलाच तर तो त्यांना मिळतो. घरी बाईच्या हातात गोळ्यांची पिशवी पोचते, माहिती पोचत नाही. इकडे सासरी ‘मूल कधी?’ हा प्रश्न चालूच असतो. आपल्या शरीराचा निर्णय जिने घ्यायचा, तिलाच त्यातली निम्मी गोष्ट माहीत नसते.

तिसरी गोष्ट खंडाची. ही औषधं एकाएकी थांबली तर प्रकृती झपाट्याने बिघडू शकते. पण पैशांची ओढाताण झाली की घरात पहिली काटकसर बाईच्या औषधात होते. ती तीनच्या दोन गोळ्या करते आणि कुणाला सांगत नाही. महिन्याची गोळी पंचेचाळीस दिवस पुरली हे पहिल्यांदा औषधवाल्याच्याच लक्षात येऊ शकतं. त्याने विचारावं, त्याच घटकाची त्याच ताकदीची स्वस्त जेनेरिक गोळी मिळत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगावं, आणि माल संपण्याआधी मागवून ठेवावा. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर यांतल्या काही औषधांचा परिणाम घटतो. अशा वेळी बाईला लगेच डॉक्टरकडे पाठवावं. मात्रा बदलणं हे मात्र डॉक्टरचंच काम.

बारीक होण्याच्या गोळ्यांचाही इथे संबंध आहे. १९६५ साली स्वित्झर्लंडमध्ये अमिनोरेक्स हे भूक मारणारं औषध बाजारात आलं. तिथे आणि ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनीत फुप्फुसांतल्या वाढलेल्या दाबाचे रुग्ण अचानक वाढले, त्यांत बहुसंख्य बायका होत्या. १९६८ साली ते मागे घेतलं गेलं. पुढे फेनफ्लुरामीनच्या बाबतीतही हा धोका दिसला. हृदयाच्या झडपांनाही इजा होते असं आढळल्यावर १९९७ साली अमेरिकेत तेही बंद झालं. बाईने बारीकच असलं पाहिजे, या हट्टाची किंमत कुणी मोजली ते यावरून कळतं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? फार्मसी कायदा १९४८ चा आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम ठरवलं आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही. पण पुष्कळ ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरवर भलताच कुणी.

म्हणून आपल्या गटांनी चार कामं करावीत असं मला वाटतं. आपल्या भागातल्या औषध-दुकानांत जाऊन ‘फार्मासिस्ट कोण, आत्ता हजर आहे का?’ असं विचारावं. बायकांशी चार लोकांत नव्हे, बाजूला घेऊन बोलण्याची मागणी करावी. अशा आजाराच्या बाईबरोबर निदान पहिल्यांदा तरी गटातल्या एकीने दुकानात जावं. आणि फार्मसी शिकणाऱ्या मुलींना आपल्या बैठकांना बोलवावं. उद्या त्या काउंटरच्या पलीकडे उभ्या राहणार आहेत.

याची सुरुवात आपल्या वस्तीतल्या एका दुकानापासून करू या. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एका दुकानाची माहिती लिहून आणावी, एवढी विनंती करते आणि थांबते.